कारखान्यातले जादा प्लॅस्टिक जाळू नका, कामाला लावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात माझे लहानसे मशीन शॉप आहे. दोन लेथ (धातू कातण्याची मशीन), एक मिलिंग, एक ड्रिलिंग आणि मागच्या पडवीत वेल्डिंगची जागा एवढाच त्याचा पसारा असून माझ्यासह सहा माणसे तेथे राबतात. दिवस संपल्यावर शटर ओढून बाहेर पडलो की एखाद्या बोळात, गटाराच्या कडेला पेटवलेल्या ढिगाचा धूर हमखास नाकात जातो. त्या ढिगात काय असते हे जवळ जाऊन पाहण्याची मला गरज पडत नाही, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही तोच ढीग पेटवत होतो. मशीनच्या खोक्यांवरच्या पट्ट्या, सुट्या भागांवर गुंडाळलेला पातळ प्लॅस्टिक कागद, ऑईलचे रिकामे कॅन, वायरींची सोललेली वेष्टणे आणि पाइपांचे तुकडे, असाच तो माल असतो. यातील बराचसा माल त्याच कारखान्यात पुन्हा उपयोगी पडतो, हे गेल्या सात-आठ वर्षांत मी स्वतः करून पाहिले आहे. ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः लहान कारखानदार, फिटर, टर्नर, वेल्डर आणि आयटीआयमध्ये शिकणारी मुले यांच्यापुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवरील बंदीची अधिसूचना काढली आणि केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या अनेक वस्तू बंद केल्या. त्यामुळे पिशव्या, पेले, चमचे यांच्याबद्दल घरोघरी थोडीफार जागरूकता आली. परंतु कारखान्यात येणारे प्लॅस्टिक यापेक्षा वेगळे असते. ते जाड, मजबूत आणि महाग असते, बंदीच्या चर्चेत ते फारसे येत नाही, आणि म्हणून त्याची जबाबदारी कोणालाच आपली वाटत नाही. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच मनाई केली असून, साध्या प्रकारासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरण्याची तरतूद त्या आदेशात आहे. दंडाची भीती घालण्यासाठी मी हे सांगत नाही. आमच्या धंद्यातील माणसाला पटेल असे कारण निराळेच आहे. पीव्हीसीचा पाइप किंवा वायरीचे वेष्टण जळते तेव्हा त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि हवेतील ओलाव्यात मिसळून त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. हे आम्ल माणसाच्या छातीला त्रास देते आणि लेथच्या घासून-पुसून ठेवलेल्या बेडवर गंजही चढवते. ज्या मशीनच्या स्लाइडवर आपण रोज सकाळी तेलाचा हात फिरवतो, तिच्यापासून चार पावलांवर आपणच आम्लाचा धूर करावा, हे कोणत्याही कारागिराला शोभणारे नाही.

प्लॅस्टिक कामाला लावायचे तर पहिले काम ते ओळखण्याचे आहे, आणि येथेच बहुतेकांची गाडी अडते. आमच्याकडे पोलाद, बीड, पितळ, गनमेटल हे सगळे एका नजरेत ओळखणारी माणसे आहेत. पितळेच्या चिप्समध्ये (कातताना निघणाऱ्या धातूच्या किसात) लोखंडाच्या चिप्स मिसळल्या तर भाव पडतो, हे नवीन हेल्परलाही ठाऊक असते. प्लॅस्टिकला मात्र सरसकट प्लॅस्टिक म्हटले जाते. वस्तूच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने सुरू केली व पुढे ती जगभर पसरली. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पेट, २ म्हणजे ऑईलच्या कॅनचे व निळ्या पिंपाचे एचडीपीई, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे पातळ पिशव्यांचे एलडीपीई, ५ म्हणजे रंगाच्या बादल्यांचे व खोक्यांवरील बऱ्याच पट्ट्यांचे पीपी, ६ म्हणजे थर्माकोलच्या जातीचे पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेले सर्व. आकडा पुसला गेला असेल तर नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाकावा. एचडीपीई व पीपी पाण्यावर तरंगतात. पीव्हीसी, पेट आणि पॉलिस्टायरीनचा भरीव तुकडा बुडतात. तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला नाही एवढे पाहिले की ही परीक्षा पुरते, आणि तिला काडेपेटी लागत नाही.

दुसरा नियम मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या उत्साहात मी प्रत्येक कॅन, प्रत्येक डबी जपून ठेवू लागलो, आणि सहा महिन्यांत पोटमाळा असा भरला की गरजेचा पट्टा शोधायला अर्धा दिवस गेला. तेव्हापासून वस्तू हातात आली की तिचे काम त्याच दिवशी ठरवायचे आणि काम सुचले नाही तर ती धुऊन, निवडून भंगारात द्यायची, असा आमचा रिवाज आहे. दर शनिवारी भंगार गोळा करणाऱ्या एक बाई येतात. पूर्वी त्यांना आमच्या पोत्यात हात घालून तेलकट कापसातून प्लॅस्टिक वेगळे काढावे लागे. आता कॅन, पट्ट्या आणि पातळ कागद अशी तीन वेगळी पोती त्यांना मिळतात. त्यांना भाव बरा येतो आणि त्यांचे हातही वाचतात. पुन्हा वापर म्हटले की साठवण आलीच असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. आमच्याकडे सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे रंगाची २० लिटरची बादली. मशीनवरून निघणाऱ्या चिप्सबरोबर कटिंग ऑईल आणि कुलंट (कापताना टूल थंड ठेवणारे द्रावण) मोठ्या प्रमाणात वाया जाते. दोन सारख्या बादल्या घ्याव्यात, एकीच्या बुडाला पाच-सहा मिलीमीटरची चाळीसएक भोके पाडावीत, दुसरीत तळाशी पाइपाचे बोटभर उंचीचे तीन तुकडे उभे ठेवावेत आणि त्यांवर भोकांची बादली बसवावी. संध्याकाळी तेलकट चिप्स वरच्या बादलीत टाकल्या की सकाळपर्यंत तेल खाली निथळलेले असते. ते बारीक जाळीतून गाळून पुन्हा वापरता येते आणि कोरड्या चिप्स भंगारवाल्याकडे नेताना रिक्षात तेल गळत नाही. धातूप्रमाणे बादल्यांचे रंग ठरवून ठेवले आहेत: पांढरी पितळेची, निळी पोलादाची, पिवळी ॲल्युमिनियमची. नव्या मुलालाही पुन्हा सांगावे लागत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते. ड्रिलखालून नुकत्याच निघालेल्या गरम चिप्स या बादलीत टाकू नयेत, कारण बादलीच्या बुडाला भोक पडते. आणि तेल पुसलेल्या चिंध्या व कापूस प्लॅस्टिकच्या बादलीत न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवावा. अळशीच्या तेलाने भिजलेली चिंधी तर आपोआप तापून पेट घेऊ शकते.

एचडीपीईच्या कॅनचे आणि पिंपाचे काम याहून नाजूक आहे आणि मला स्वतःला ते फार आवडते. व्हाइसच्या, म्हणजे काम करायचा भाग (जॉब) घट्ट धरणाऱ्या शिकंज्याच्या, पोलादी जॉमध्ये (जबड्यांत) पितळेचा किंवा क्रोम केलेला जॉब धरला की त्यावर दातांचे वळ उठतात, हे प्रत्येक फिटरला माहीत आहे. पूर्वी आम्ही मध्ये तांब्याचा पत्रा किंवा चक्क पुठ्ठा धरायचो. एक निळे पिंप पडून तडकले, तेव्हा त्याच्या सपाट भागातून जॉच्या लांबीच्या दोन पट्ट्या कापल्या. चाकूने रेघ मारून त्या रेघेवर हॉट एअर गन सावकाश फिरवली. निळा रंग किंचित चमकू लागला आणि पट्टी चामड्यासारखी लवचीक झाली, तेव्हा लोखंडी अँगलच्या कडेवर दाबून ती काटकोनात वाकवली व गार होईपर्यंत तशीच धरून ठेवली. एचडीपीई सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून गन एका जागी थांबवायची नाही, एवढेच पथ्य. पट्टीच्या मागे जुन्या स्पीकरच्या चुंबकाचे तुकडे स्क्रूने बसवले की ती जॉला आपोआप चिकटून राहते. गेली चार वर्षे त्या पट्ट्या वापरात आहेत. आटे पाडलेला स्टड त्यांत घट्ट आवळला तरी आट्याला धक्का लागत नाही. उलट प्लॅस्टिकवरच आट्याची नक्षी उमटते आणि पुढच्या वेळी तोच स्टड त्या खाचेत नेमका बसतो. याच पिंपाच्या उरलेल्या तुकड्यांतून मिलिंग मशीनच्या टेबलावर जॉब टेकवायच्या चिपा, दरवाजाच्या रुळाखालचे पाचर आणि मोजमापाची साधने ठेवण्याच्या तक्त्यावरची खाचेदार पट्टी झाली. ऑईलचा पाच लिटरचा कॅन तिरपा कापला की त्याची मूठ जशीच्या तशी राहून चिप्स भरण्याचे उत्तम फावडे तयार होते, हे तर पुष्कळ जण करतातच. आडवा कापला तर सुटे भाग धुण्याचा ट्रे होतो. तोंडाकडचा भाग नरसाळे म्हणून वापरता येतो, फक्त ज्या तेलाचा कॅन त्याच तेलाचे नरसाळे, हे मार्करने लिहून ठेवावे.

घराच्या बांधकामात उरलेले पीव्हीसी पाइपांचे तुकडे कारखान्यात कोणीतरी आणून टाकतेच. ११० मिलीमीटरच्या पाइपाचे हातभर लांबीचे तुकडे भिंतीवर एकावर एक बांधले की रॉडचे उरलेले तुकडे मापाप्रमाणे लावून ठेवता येतात. आमच्याकडे अशी एकवीस घरे आहेत. प्रत्येकाच्या तोंडावर माप लिहिले आहे, आणि त्यामुळे ‘हा तुकडा कशाचा’ म्हणून नवीन रॉड कापण्याची वेळ क्वचितच येते. तिरप्या कापलेल्या लहान तुकड्यांत कानशी उभ्या ठेवाव्यात. कानशी एकमेकींवर पडल्या की त्यांचे दात जातात, आणि आजच्या भावात ते परवडत नाही. पीव्हीसीचा एक गुण फारसा वापरला जात नाही. ८० अंशांच्या वर हे प्लॅस्टिक मऊ पडते, म्हणजे उकळत्या पाण्यातही त्याला हवा तसा आकार देता येतो. ११० मिलीमीटरचा पाइप लांबीने उभा चिरून गरम केला आणि दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये वजनाखाली गार होऊ दिला, तर सुमारे ३४० मिलीमीटर रुंदीची सपाट शीट मिळते. त्या शीटमधून विजेच्या बोर्डामागचे कव्हर, ड्रिलिंग मशीनच्या पट्ट्यावरील गार्ड आणि खुणा करण्याचे टेम्प्लेट आम्ही केले आहेत. गॅस कटरची ज्योत मात्र पीव्हीसीवर कधीही धरू नये. ते करपू लागले की वर सांगितलेला तोच वायू निघतो. तो एकदा घशात गेल्यावर मी दोन दिवस खोकत होतो.

लहान वस्तूंबद्दल थोडक्यात लिहितो. कार्बाइड इन्सर्टच्या (टूलच्या टोकाला बसवायच्या बदलत्या पात्यांच्या) डब्यांत बहुधा दहा घरे असतात व झाकण घट्ट बसते. ओ रिंग, ग्रब स्क्रू आणि स्प्रिंगा ठेवायला याहून चांगली डबी बाजारात विकत मिळणार नाही. सीओटू वेल्डिंगच्या वायरचे १५ किलोचे रीळ संपले की मधल्या भोकातून पाइप घालून त्यावर एक्स्टेन्शनची केबल किंवा हवेचा होस गुंडाळता येतो आणि केबलला पीळ पडत नाही. हायड्रॉलिक फिटिंगच्या तोंडाला लावून आलेली लाल-पिवळी टोपणे फेकू नयेत; दुरुस्तीसाठी उघडलेल्या पंपाच्या तोंडाला तीच लावली तर आत धूळ जात नाही, आणि हायड्रॉलिकमधले निम्मे बिघाड या धुळीमुळेच होतात, असे मी अनुभवाने म्हणतो. सुट्या भागांबरोबर येणाऱ्या गंजरोधक पिशव्यांचा गुण काही काळ टिकतो. पावसाळ्यात गेज व मायक्रोमीटर त्यांत बांधून ठेवावेत. पाण्याच्या बाटलीचे कापलेले कडे कानशीच्या लाकडी मुठीवर चढवून हॉट एअर गनने तापवले की ते आखडून मुठीला घट्ट आवळते व तडकलेली मूठ आणखी वर्षभर चालते. खोक्यांवरच्या पट्ट्यांचे काम आमच्या फिटरच्या आईने दाखवले. त्यांनी त्या पट्ट्या गावी नेल्या आणि महिन्याभराने अशी विणीव बुट्टी आणून दिली की आजही पन्नास किलो कास्टिंग त्यातून दोघे जण उचलतात. पट्टीच्या टोकाला गाठ न मारता ते विणीत परत खोवायचे, ही त्यांची युक्ती. मग त्यांनीच कारखान्यातील पहारेकऱ्याच्या लोखंडी बाजेला विणून दिले.

यापुढचा प्रयोग थोडा कष्टाचा होता. बाटल्यांची टोपणे आणि कॅनचे कापलेले तुकडे वितळवून भरीव ठोकळा करता आला तर त्यातून लेथवर बुश (दांड्यावर बसणारी नळी), स्पेसर (मधले अंतर राखणारे कडे) आणि हातोडीचे तोंड करता येईल, असे मनात होते. नेदरलँड्समधील डेव्ह हाकेन्स या तरुणाने २०१३ मध्ये लहान प्रमाणावर प्लॅस्टिक दळून-वितळवण्याच्या मशीनची रेखाटने सर्वांसाठी मोफत खुली केली. त्यातून दाबून ठोकळा बनवण्याची कल्पना मी घेतली. जुन्या पोलादी चौकोनी नळीचा साचा केला, इलेक्ट्रोड सुकवण्याच्या जुन्या भट्टीत तो तापवला आणि गरम असतानाच क्लॅम्पने दाबला. पहिला ठोकळा दिसायला सुरेख झाला, पण लेथवर धरून टूल लावताच त्याचे पापुद्रे सुटले. कारण शोधल्यावर कळले की टोपणांमध्ये काही एचडीपीईची तर काही पीपीची होती आणि ही दोन प्लॅस्टिके वितळून एकमेकांत नीट मिसळत नाहीत. पीपीला वितळायला १६० अंशांच्या पुढे जावे लागते. मग केवळ एकाच कंपनीच्या ऑईलचे कॅन, गरम पाणी व साबणाने धुऊन, वाळवून, तुकडे करून घेतले. तो ठोकळा टिकला.

तो ठोकळा लेथवर कातताना तीन गोष्टी ध्यानात आल्या. टूल अतिशय धारदार हवे. चिप तुटत नाही, सलग दोऱ्यासारखी निघून चकभोवती (लेथच्या फिरत्या पकडीभोवती) गुंडाळते, म्हणून ती हाताने कधीही ओढू नये. मशीन बंद करून लोखंडी हुकाने काढावी. तिसरी गोष्ट मापाची. पोलादाच्या तुलनेत एचडीपीई उष्णतेने दहापटीहून अधिक प्रसरण पावते. शंभर मिलीमीटरचा तुकडा वीस अंशांनी तापला की साधारण ०.३ मिलीमीटरने वाढतो, तेव्हा माप गार झाल्यावरच घ्यावे आणि घट्ट बसणाऱ्या जागी हे प्लॅस्टिक वापरूच नये. सैल बुश, ट्रॉलीच्या चाकाखालचे वॉशर, बेअरिंग ठोकताना मध्ये धरायचा दट्ट्या, अशा कामांत ते उत्तम चालते. ज्यांच्याकडे नायलॉन किंवा डेलरिन या टणक प्लॅस्टिकांच्या रॉडचे तुकडे उरतात त्यांना या खटाटोपाची गरजच नाही. तोच दट्ट्या त्या तुकड्यातून दहा मिनिटांत होतो. टेफ्लॉनचे तुकडे आणि कीस मात्र वेगळे ठेवावेत, त्याला भाव चांगला येतो आणि तापल्यावर त्यातून निघणारा धूर अत्यंत विषारी असतो. टेफ्लॉनचा कीस बोटांना लागलेला असताना बिडी ओढणाऱ्यालाही त्याचा ताप येतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

आता एका प्रसंगाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण पुन्हा वापराचे गोडवे गाताना त्याचा धोका झाकणे बरोबर नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या हेल्परने लेथशेजारच्या फळीवरची पाण्याची बाटली उचलून तोंडाला लावली. बाटलीत पाण्यात कालवलेले सोल्युबल ऑईल होते. ते ताकासारखे पांढरे दिसते आणि त्याला ते ताकच वाटले. एक घोट आत गेला, उरलेले त्याने थुंकले. आम्ही लगेच त्याला डॉक्टरांकडे नेले आणि तो सुखरूप राहिला. बाटली मीच भरून ठेवली होती. त्या दिवसापासून पिण्याच्या पाण्याची किंवा शीतपेयाची कोणतीही बाटली आमच्याकडे तेल, थिनर, ॲसिड किंवा कुलंटसाठी वापरली जात नाही, मग ती कितीही सोयीची असो. ज्या बाटलीच्या आकाराने माणसाच्या मनात पाणी येते, तिच्यात दुसरे काही भरायचेच नाही; चिठ्ठी लावूनही भागत नाही, कारण तहानलेला माणूस चिठ्ठी वाचत नाही. याच्या उलट दिशेनेही तेवढीच काळजी हवी. ज्या पिंपात रसायन किंवा प्लेटिंगचे द्रावण आले असेल, ते कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्याला वा जनावरांच्या आंबोणाला वापरू नये. उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत अशी पिंपे स्वस्तात विकली जातात, ही मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट आहे. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात आणि ती अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडेच गेली पाहिजेत. रुग्णालयातून आणलेल्या सलाइनच्या बाटल्या आणि नळ्या कुलंट ठिबकवण्यासाठी टांगलेल्या मी काही ठिकाणी पाहिल्या आहेत. हा जैववैद्यकीय कचरा आहे. त्याच कामाला सॉसची टोकदार बाटली तितकीच चालते.

थिनरबद्दलही सांगायला हवे. पॉलिस्टायरीनचा पेला थिनरने विरघळतो, एबीएस या प्लॅस्टिकच्या डब्याही मऊ पडतात. एकदा रंगकामासाठी पेल्यात घेतलेला थिनर बूड विरघळून टेबलावरून खाली, ग्राइंडरच्या पायाशी गेला होता; त्या क्षणी ग्राइंडर बंद होता म्हणून निभावले. शिवाय प्लॅस्टिक कापताना, घासताना पडणारा कीस पाण्याने गटारात लोटू नये. आमच्या भागाचे पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर नाल्याच्या काठच्या झुडपांवर लटकलेले प्लॅस्टिक कोल्हापूरकरांनी पाहिलेच आहे. कीस मात्र असा लटकत नाही, तो नदीत उतरतो आणि मग कोणालाच काढता येत नाही. कापण्याआधी खाली जुना बॅनर पसरावा आणि कीस झाडून पोत्यात भरावा.

या पत्राच्या निमित्ताने काही विनंत्या करतो. कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर मिळून मोठे-लहान असंख्य कारखाने आहेत. मोठ्या कारखान्यात सुट्या भागांबरोबर येणारे खाचेदार ट्रे, क्रेट, टोपणे आणि रिळे यांचा ढीग लागतो, तर लहान कारखानदार त्याच वस्तू बाजारातून विकत घेतात. उद्योजकांच्या संघटनांनी आपल्या इमारतीत एक खोली किंवा निदान एक शेड यासाठी द्यावी, जेथे ज्याच्याकडे जादा आहे त्याने स्वच्छ करून, प्रकार लिहून ठेवावे आणि ज्याला हवे त्याने न्यावे. नोंदीसाठी एक वही पुरेल. भाडे, माणूस, निविदा असला पसारा त्यात आला तर ते चालणार नाही, असे माझे मत आहे. मोठ्या कंपन्यांनी मालाबरोबर परत जाणारे क्रेट वापरले तर निम्मा प्रश्न मुळातच उद्भवणार नाही. काही कंपन्या हे करतात, त्यांनी आपल्या लहान पुरवठादारांनाही त्यात घ्यावे.

दुसरी विनंती आयटीआयच्या आणि तांत्रिक शाळांच्या शिक्षकांना आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावाच्या खऱ्या गरजेची कामे करता करता मुलांना तंत्र शिकवण्याची रीत घालून दिली. पुण्यातच टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) कारखान्यात अभियंता म्हणून काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून मुलांना विज्ञान शिकवले. आपल्याकडे फिटर ट्रेडच्या मुलाला पहिले काही महिने लोखंडाचा ठोकळा कानशीने घासायला देतात, आणि हाताला वळण लागण्यासाठी ते हवेच. त्यातच व्हाइसच्या प्लॅस्टिक पट्ट्या करण्याचे एक काम घातले, तर मुलाला माप, कोन, उष्णता आणि पदार्थाचा स्वभाव या चारही गोष्टी एका तासात कळतील व ती पट्टी त्याच्याच व्हाइसला लागेल.

तिसरी विनंती आपणास आहे. आमच्या कारखान्यांत अशा युक्त्या करणारी माणसे पुष्कळ आहेत, पण ती लिहीत नाहीत आणि त्यांची युक्ती शेजारच्या शटरपर्यंतही पोहोचत नाही. आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानावर आठवड्यातून एकदा चार-पाच इंचांची जागा या कारागिरांच्या युक्त्यांना दिलीत, एक छायाचित्र आणि मापांसह, तर ते पान कात्रण करून मशीनशेजारी चिकटवणारे वाचक आपल्याला मिळतील. व्हाइसच्या पट्ट्यांची आणि निथळणीच्या बादल्यांची मापे व रेखाटने मी या पत्रासोबत जोडली आहेत. ती छापण्यास योग्य वाटल्यास अवश्य वापरावीत. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी चारनंतर आमचे शटर उघडे असते, आणि भंगारवाल्या बाई येईपर्यंत निवडीचे काम चालू असते.

आपला नम्र,
एक लघुउद्योजक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर